पाहुण्याचा शब्द ओटीवर



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण म्हणाल तर बी.ए. संगणकाच्या पोटात काय चालतं हे मी कुठल्या वर्गात बसून शिकलेलो नाही. पण शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे एक सवय लागली आहे. लिहिलेला शब्द पुढे कुठे जातो, त्याला कोण सांभाळतं, तो कधी हरवतो, याकडे माझं लक्ष असतं. त्या सवयीमुळेच आज एका रिकाम्या चौकटीबद्दल बोलणार आहे.

ही चौकट तुम्ही पाहिलेली आहे. एखाद्या वेबसाइटवर जावं, तर तळाशी लिहिलेलं असतं : आपलं नाव, आपलं गाव, आपला मजकूर येथे लिहा. खाली एक बटण असतं, त्यावर 'पाठवा' असं लिहिलेलं असतं. आपण लिहितो, बटण दाबतो. क्षणभर एक चक्र फिरतं आणि उत्तर येतं : 'धन्यवाद, आपला मजकूर आम्हाला मिळाला.'

मिळाला म्हणजे कुठे मिळाला? कुणाला मिळाला? आणि पुढे त्याचं काय झालं?

विजेच्या बिलाची तक्रार असेल, नोकरीचा अर्ज असेल, तर तो कुठल्या तरी कार्यालयात गेला असं समजू. त्याबद्दल मला आज बोलायचं नाही. मी बोलतो आहे तो मजकूर वेगळा. 'तुमच्या भागातल्या रानभाज्यांची नावं पाठवा', 'पुराच्या आठवणी लिहा', 'घरातला जुना फोटो द्या', 'तुमच्या बोलीतले शब्द कळवा' अशी हाक एखादी वेबसाइट घालते. इथे येणारा पाहुणा नुसता वाचक नसतो. त्याने लिहिलेलं त्या वेबसाइटचाच भाग व्हायचं असतं. उद्या येणाऱ्या दुसऱ्या वाचकाला ते दिसायचं असतं. चौकटीत टाइप केलेला शब्द आणि पानावर छापलेला शब्द यांच्यामध्ये एक वाट आहे. ती वाट नीट बांधली नाही, तर काय होतं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या काही मंडळींनी भातशेतीतले शब्द गोळा करायला घेतले होते. नाव सांगत नाही, कारण मंडळी चांगली आहेत आणि हेतू तर त्याहून चांगला होता. राब, तरवा, आवण, खाचर, इरलं असे शब्द. ज्यांनी चिखलात उभं राहून लावणी केली त्यांच्या तोंडचे. वेबसाइटवर फॉर्म ठेवला. लोकांनी उत्साहाने भरला. आजीने सांगायचं आणि नातीने टाइप करायचं, असंही झालं. फॉर्मची रचना मात्र अशी होती, की बटण दाबलं की मजकूर एका कार्यकर्त्याच्या ई-मेलवर जायचा. बस्स. दुसरीकडे कुठेही तो साठवला जात नव्हता. वेळ मिळेल तसा तो कार्यकर्ता एकेक शब्द उचलून पानावर चढवायचा. पुढे त्याने नोकरी बदलली, गाव बदललं, तो ई-मेलचा पत्ताही बंद पडला. फॉर्म मात्र वेबसाइटवर तसाच होता. लोक भरत होते, 'धन्यवाद' मिळत होतं. आत काहीच पोचत नव्हतं. असे किती शब्द गेले, हे आता कुणीच सांगू शकत नाही. कारण मोजायला काही उरलेलंच नाही.

हा प्रकार संगणकामुळे सुरू झाला असं मात्र समजू नका. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, कागदाच्या काळातही हे घडलं आहे आणि तेही फार मोठ्या घरी. इंग्रजीचा जो थोर ऑक्सफर्ड शब्दकोश आहे, तो सामान्य वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर उभा राहिला. संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली वाचकांना आवाहन केलं : पुस्तकं वाचा, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा आणि आमच्याकडे पाठवा. म्हणजे फॉर्मच झाला की हा! लाखो चिठ्ठ्या आल्या. मऱ्यांनी त्यांच्यासाठी पत्र्याची शेड उभारली, भिंतींना खण केले आणि त्यांत त्या वर्णानुक्रमे लावल्या. पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ साल उजाडलं. तेव्हा मरे हयात नव्हते.

पण मऱ्यांच्या आधीच्या वीसेक वर्षांत ज्या चिठ्ठ्या जमल्या होत्या त्या मदतनिसांच्या घरोघरी विखुरलेल्या होत्या. एका अक्षराचा गठ्ठा इटलीत फ्लॉरेन्सला निघाला. 'पी'पासून सुरू होणाऱ्या शब्दांचा एक भाग आयर्लंडमध्ये एका तबेल्यात सापडला. त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या तोवर चूल पेटवायला वापरून झाल्या होत्या. आणि एक शब्द तर छापील कोशातून निसटलाच. 'बाँडमेड' हा तो शब्द. अर्थ आहे गुलाम स्त्री, आपल्याकडे जिला बटीक म्हणत. त्याच्या चिठ्ठ्या कुठे तरी गहाळ झाल्या आणि पहिला खंड त्या शब्दाविना छापून निघाला. पुढे १९३३च्या पुरवणीत त्याला जागा मिळाली. जिचं आयुष्यात कुणी ऐकलं नाही, तिचं नावही कोशातून गळावं, याला योगायोग म्हणतात हे मला कळतं. पण हा योगायोग मला अस्वस्थ करतो. कारण हरवायचं झालं की आधी अशाच माणसांचे शब्द हरवतात. मोठ्यांच्या शब्दांना चार ठिकाणी नोंद असते.

आता संगणकाकडे येऊ. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. हा ब्राउझर वाचण्यासाठी होता, तसाच लिहिण्यासाठीही होता. ज्या खिडकीत पान पाहायचं, त्याच खिडकीत ते बदलायचं, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे जन्मतः वेब ही वही होती. १९९३ साली मोझेक नावाचा ब्राउझर आला, चित्रांसकट पानं दिसू लागली आणि लोक तुटून पडले. पण मोझेकमध्ये पान बदलण्याची सोय नव्हती. वही गेली आणि तिचं वर्तमानपत्र झालं. थोडे लिहिणार, बाकीचे वाचणार. फॉर्मची चौकट ही त्या वर्तमानपत्राला ठेवलेली फट होती.

१९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने ती फट रुंद केली. त्याने अशी वेबसाइट बनवली की कुणीही यावं, पानावरचं बटण दाबावं आणि लिहावं. हवाईच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस होती. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. ते नाव त्याने उचललं. त्यातून पुढे १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया.

हे ऐकून वाटेल, की मग प्रश्न सुटला. दार सताड उघडं ठेवायचं, ज्याला जे लिहायचं ते लिहू द्यायचं. पण घर म्हटलं की असं चालत नाही.

आमच्या कोकणातलं जुनं घर आठवा. पाहुणा आला की त्याला अंगणात ताटकळत ठेवत नाहीत आणि सरळ माजघरातही नेत नाहीत. त्याला ओटीवर बसवतात. पाणी देतात, गूळ देतात, विचारपूस करतात. कुठून आलात, कुणाकडचे, काय काम काढलंत? मग जसं असेल तसं आत बोलावतात. वेबसाइटवर येणाऱ्या मजकुरालाही अशी एक ओटी लागते. मला आज जे सांगायचं आहे, त्याचं सार एवढंच आहे.

हे प्रत्यक्षात कसं करतात? वेबसाइटला दोन बाजू असतात. एक समोरची, जिला फ्रंटएंड म्हणतात. ती सगळ्यांना दिसते. दुसरी मागची, जिथे वेबसाइट चालवणारे कुलूप उघडून जातात. पाहुण्याने मजकूर द्यायचा तो समोरूनच. त्याला मागच्या दाराची किल्ली द्यायची नाही. बटण दाबलं की पहिलं काम व्हायला हवं ते साठवण्याचं. वेबसाइटच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे तिच्या दप्तरात, त्या मजकुराची तारीखवार नोंद झाली पाहिजे. ई-मेल जाऊ दे, जरूर जाऊ दे. पण ती नुसती वर्दी. 'पाहुणे आलेत हो' एवढं सांगायला. पाहुण्यालाच टपालपेटीत कोंबायचं नाही.

नोंद झाली की तिला एक खूण लावायची : 'तपासणी बाकी'. वर्डप्रेस या नावाची प्रणाली जगभर वेबसाइट बनवायला वापरतात. तिच्यात ही सोय तयारच आहे. मजकुराला 'मसुदा', 'तपासणी बाकी' आणि 'प्रकाशित' अशा अवस्था असतात. तिच्यात माणसांच्याही पायऱ्या आहेत. एका पायरीवरचा माणूस लिहू शकतो, पण स्वतः प्रकाशित करू शकत नाही. ते काम संपादकाचं. म्हणजे ओटी आणि माजघर यांचा फरक त्या यंत्रालाही मान्य आहे. फक्त आपण तो वापरायला हवा.

तपासणी दोन प्रकारची असते. एक यंत्राने करायची आणि दुसरी माणसाने.

यंत्राची तपासणी का लागते, त्याचं एक उदाहरण सांगतो. ऑक्टोबर २००५ची गोष्ट. अमेरिकेत मायस्पेस नावाची वेबसाइट तेव्हा तरुणांमध्ये फार चालायची. तिथे स्वतःबद्दल लिहायला चौकट होती. सॅमी कामकर नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने त्या चौकटीत मजकुराबरोबर संगणकाला कळेल अशी एक छुपी आज्ञा लिहून ठेवली. त्याचं पान जो उघडेल, तो आपोआप सॅमीचा मित्र व्हायचा आणि तीच आज्ञा त्याच्याही पानावर उतरायची. सुमारे २० तासांत दहा लाखांहून अधिक लोक सॅमीचे 'मित्र' झाले. शेवटी मायस्पेसला वेबसाइट थोडा वेळ बंद ठेवावी लागली. चौकटीत आलेला मजकूर हा मजकूर म्हणूनच दाखवायचा, आज्ञा म्हणून पाळायचा नाही, ही काळजी पुरेशी घेतली नव्हती, म्हणून हे घडलं. पाहुण्याची पिशवी ओटीवर उतरवून ठेवायची, ती थेट चुलीवर रिकामी करायची नाही, इतकं हे सोपं आहे.

शिवाय जाहिराती ओतणारी यंत्रं असतात. ती रात्रंदिवस फॉर्म भरत हिंडतात. त्यांना ओळखायला एक गमतीची युक्ती आहे. फॉर्ममध्ये एक चौकट अशी ठेवायची की ती माणसाच्या डोळ्यांना दिसू नये. माणूस ती भरत नाही. यंत्र मात्र दिसेल ती चौकट भरत सुटतं आणि तिथेच सापडतं.

पण यंत्राच्या तपासणीची खरी गंमत आणि खरं दुःख आपल्या देवनागरीच्या वाटेला आलं आहे. त्यावर थोडं थांबतो. कारण मराठीत वेबसाइट बनवणाऱ्यांनी याकडे लक्ष दिलं नाही, तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

पहिली गोष्ट, डेटाबेस युनिकोडचा नसेल तर मराठी मजकूर आत जाताना त्याची प्रश्नचिन्हं होतात. अख्खी कविता पाठवावी आणि आत फक्त प्रश्नचिन्हांची ओळ साठावी. त्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट जागेची. यूटीएफ-८ या आजच्या सर्रास पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा मोजायचा. ज्याने जागेचा हिशेब इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बाइटमध्ये केला असेल, त्याच्याकडे मराठी माणसाचं वाक्य एक तृतीयांशातच तुटतं.

तिसरी गोष्ट नावाची. 'नावात फक्त अक्षरं चालतील' असा नियम फॉर्मला लावलेला असतो. नियम ऐकायला बरा. पण संगणकाच्या हिशेबात काना-मात्रा-वेलांटी ही 'अक्षरं' नाहीत, ती 'चिन्हं' आहेत. नियम लिहिणाऱ्याने चिन्हांना परवानगी द्यायची राहिली, की 'कमल' आत जाते आणि 'शांता' दाराबाहेर राहते. 'शेख'ही बाहेर राहतो. त्यातून काही फॉर्मना नाव, मधलं नाव आणि आडनाव अशा तिन्ही चौकटी सक्तीने भरून हव्या असतात. आमच्यात कितीतरी घरांत आडनाव लावण्याची रीतच नाही. मग माणूस काय करतो? बापाचं नाव दोनदा लिहितो, नाही तर एक टिंब देतो. टिंबाचं आडनाव घेऊन दप्तरात जातो. भातलावणीचा शब्द द्यायला आलेल्या बाईकडे आडनाव कशाला मागावं? शब्द महत्त्वाचा. नाव तिला द्यावंसं वाटेल तसं तिने द्यावं.

आणि चौथी गोष्ट सगळ्यांत नाजूक आहे. आपल्या मराठीत एक अर्धा 'र' आहे, पापणीसारखा किंचित वळलेला. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला. संगणकावर तो दोन पद्धतींनी लिहिला जातो. एका पद्धतीत त्यासाठी वेगळा 'ऱ' वापरतात. दुसरीत साधा र, त्याचा पाय मोडलेला आणि पुढे एक डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. आता वेबसाइट बनवणारा म्हणतो, 'न दिसणारी चिन्हं धोक्याची, काढून टाका.' त्याने ती काढली की 'दऱ्या' या शब्दाचा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्यांत समुद्राचं पाणी शिरतं! 'आचाऱ्यांना बोलवा' असं लिहावं, तर 'आचार्यांना बोलवा' असं छापून येतं. लग्नघरात स्वयंपाकाला कुणी उरत नाही, प्रवचनाला मात्र गर्दी होते. हसू येतं, पण पाहा, पाहुण्याने काही चूक केलेली नव्हती. त्याचा शब्द आपल्या घरात आल्यावर बदलला. म्हणून नियम असा असावा : जसं आलं तसं मूळ एका जागी जपून ठेवा आणि दुरुस्ती करायची ती प्रतीवर करा.

आता माणसाने करायच्या तपासणीकडे वळू. यंत्र संपादक होऊ शकत नाही, याचा दाखला १९९६ सालीच मिळाला. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या यंत्राला अश्लील शब्दांची यादी दिली होती. इंग्लंडमध्ये स्कंथॉर्प नावाचं गाव आहे. त्या नावाच्या पोटात, अक्षरं तोडून पाहिलं तर, एक इंग्रजी शिवी सापडते. तेव्हा त्या गावच्या लोकांना आपल्या गावाचं नाव लिहून खातंच उघडता येईना. गाव जुनं, माणसं सरळ, पण यंत्राला त्यात शिवी दिसली. आपल्या ग्रामीण बोलींत असे किती शब्द निघतील! शिवी कुठली आणि शेतीचा शब्द कुठला, हे ओळखायला त्या मातीत वावरलेला माणूसच लागतो.

पण माणसाची तपासणी किती कडक असावी? इथे विकिपीडियाचीच कहाणी उपयोगी पडते. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, त्याच मंडळींनी न्यूपीडिया नावाचा कोश काढला होता. तिथे प्रत्येक लेखाला तज्ज्ञांच्या तपासणीच्या सात पायऱ्या होत्या. ओटीवर सात उंबरठे! तीन वर्षांत तो बंद झाला, तोवर जेमतेम दोन डझन लेख आत पोचले होते. विकिपीडियाने उंबरठाच काढला आणि पहिल्या वर्षातच हजारोंनी लेख आले.

आणि उंबरठा नसण्याची किंमतही लवकरच कळली. मे २००५मध्ये जॉन सीगनथॅलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कुणा निनावी माणसाने लिहून टाकलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये यांच्यावर संशय होता. धादांत खोटं. आणि हे सीगनथॅलर तर एकेकाळी रॉबर्ट केनेडींबरोबर काम केलेले. ते वाक्य चार महिन्यांहून अधिक काळ तसंच होतं. हयात, अब्रूदार माणसाच्या नावावर. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने खातं न उघडलेल्यांना नवा लेख सुरू करायला बंदी केली. जर्मन विकिपीडियाने २००८ साली आणखी एक पाऊल टाकलं. नवख्या माणसाने केलेला बदल जुन्या जाणत्या सदस्याने पाहिला, की मगच तो सर्वसाधारण वाचकाला दिसायचा. म्हणजे सातही उंबरठे नकोत आणि शून्यही नको. एक असावा आणि तो ओलांडता यावा.

त्या एका उंबरठ्यावर बसणाऱ्या माणसाने काही पथ्यं पाळावीत. आलेल्याला किती दिवसांत उत्तर मिळेल ते आधी सांगावं आणि तेवढ्या दिवसांत द्यावं. नाकारलं तर कारण सांगावं, एका ओळीत का होईना. आम्ही कवी लोक 'साभार परत'वर वाढलो आहोत. नकाराचं आम्हाला काही वाटत नाही. पण काहीच न कळणं फार वाईट असतं. आणि बोलीचं प्रमाणीकरण करू नये. 'इरला' लिहून आलं असेल तर 'इरलं' करून 'शुद्ध' करू नये. ज्या बाईने इरलं डोक्यावर घेऊन आयुष्यभर पावसात लावणी केली, तिला त्याचा उच्चार शिकवणारे आपण कोण?

शेवटचा मुद्दा परवानगीचा. तुम्हाला आठवत असेल, एकेकाळी फॉर्म भरताना दोन वेडेवाकडे शब्द दाखवत आणि ते टाइप करायला सांगत. तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात, हे पटवण्यासाठी. रीकॅप्चा नावाची ही पद्धत २००७ साली आली, २००९मध्ये गूगलने ती विकत घेतली. त्या दोन शब्दांतला एक शब्द यंत्राला ठाऊक असायचा. दुसरा असायचा जुन्या पुस्तकातला किंवा न्यू यॉर्क टाइम्सच्या जुन्या अंकातला, जो यंत्राला वाचता येत नव्हता. म्हणजे दारात ओळख पटवता पटवता लक्षावधी लोक जुना छापील मजकूर संगणकावर उतरवून देत होते. युक्ती हुशारीची, काम उपयोगाचं. पण आपण हे काम करतो आहोत, हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं. माझं म्हणणं आहे, की पाहुण्याला काम सांगावं, जरूर सांगावं. पण सांगून करून घ्यावं.

म्हणून फॉर्मवरच सोप्या मराठीत लिहावं : हा मजकूर वेबसाइटवर छापला जाईल. तुमचं नाव दिसेल, किंवा नको असेल तर दिसणार नाही. तुमचा फोन नंबर फक्त आमच्याकडे राहील, पानावर येणार नाही. मजकूर मागे घ्यायचा असेल तर इथे कळवा. २०२३ साली आपल्या देशात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्याही मुळाशी संमती आहे. पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. परक्याच्या घरातली वस्तू विचारून घ्यावी, हे आपल्याला कायद्याने शिकवलेलं नाही.

अलीकडे पुष्कळ वेबसाइटांनी ही चौकटच काढून टाकली आहे. कटकट नको, जाहिराती नकोत, भांडणं नकोत, म्हणून. भीतीही असते. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, ती बातमी अनेकांच्या मनात आहे. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते ६६ (अ) कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, हे मात्र तितकं लक्षात राहिलेलं नाही. भीती समजू शकतो. पण दार लावून घेतलं, की बोलतात ते आधीपासून आत असलेलेच. लावणीचे शब्द सांगणाऱ्या आजी आपल्याला मेळावा भरवून भेटणार नाहीत. त्यांची नात कधीतरी सुट्टीत घरी आली, हातात मोबाइल असला, आजी बोलत्या मनःस्थितीत असली, तर त्या पाच मिनिटांत तो शब्द आपल्याकडे येणार. त्या पाच मिनिटांत आपली चौकट उघडी हवी, तिला मराठी यायला हवं आणि आत कुणी तरी तो शब्द सांभाळणारं हवं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी गावाची, वाचनालयाची, शाळेची, मंडळाची वेबसाइट चालवत असेल, तर एक काम करा. आपल्याच वेबसाइटवरचा फॉर्म पाहुणा होऊन एकदा भरून बघा. नाव लिहा 'शांता', मजकुरात 'दऱ्या' लिहा. आडनावाची जागा कोरी सोडा. बटण दाबा आणि मग दप्तरात जाऊन पाहा, काय पोचलं. जसंच्या तसं पोचलं असेल, तर तुमची ओटी चांगली आहे. नसेल, तर ती उद्याच दुरुस्त करा. कारण तुमच्या आधी कितीजण तिथे येऊन 'धन्यवाद' घेऊन परत गेले असतील, कोण जाणे.